घ्यायला शंभर, द्यायला दहा

इंटरनेट कंपनीची कुठलीही जाहिरात पाहा. १०० एमबीपीएस, २०० एमबीपीएस, वर चार-पाच ॲप फुकट. हा मोठ्या अक्षरातला आकडा डाउनलोडचा, म्हणजे बाहेरून घरात येणाऱ्या माहितीच्या वेगाचा असतो. घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीचा वेग, अपलोड, बहुतेक वेळा बारीक अक्षरातही सापडत नाही. विचारलं तर विक्रीला आलेला मुलगा हसून म्हणतो, "साहेब, अपलोड कोण बघतं?" माझं भांडण या एका वाक्याशी आहे.

कोण बघतं, ते सांगतो. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांतला कर्ता माणूस आखातात असतो. व्हिडिओ कॉलवर कुवेतला बसलेल्या बापाचा चेहरा घरी येतो तो डाउनलोडने, आणि घरातल्या लेकराचा चेहरा बापाकडे जातो तो अपलोडने. म्हणून घरच्यांना अब्बा स्वच्छ दिसतात आणि अब्बांना मात्र पोराच्या तोंडाचे चौकोन दिसतात. घरबसल्या अरबी किंवा गणित शिकवणारी मुलगी, कापडाचं डिझाइन व्यापाऱ्याला पाठवणारा कारागीर, लग्नाचं शूटिंग करून गिऱ्हाइकाला फाइल पाठवणारा पोरगा, हे सगळे अपलोडवरच जगतात. मालेगावात नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' बनवला, तेव्हा तो गावातल्या व्हिडिओ पार्लरमध्ये चालला. आज त्याच गावातल्या पोरांचे विनोदी व्हिडिओ युट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले जातात. ते तिथे आपोआप चढत नाहीत.

साधा हिशेब करा. ५ जीबीची फाइल १०० एमबीपीएसने उतरवायला जेमतेम सात मिनिटं लागतात. तीच फाइल १० एमबीपीएसने चढवायला एक तासाहून जास्त लागतो, आणि १ एमबीपीएसने अकरा तास. शिवाय अपलोडचा रस्ता तुंबला की डाउनलोडही अडखळतं. कारण आलेल्या माहितीची पोच सतत उलटी पाठवावी लागते आणि तीही त्याच रांगेत अडकते. घरात एकाच्या मोबाइलवरचे फोटो चढत असताना दुसऱ्याचा क्लास गोठतो, तो बहुधा यामुळे.

आता आपल्या मोहल्ल्यात नेहमी ऐकू येणारं वाक्य: "आपली वस्ती आहे ना, म्हणून मुद्दाम वेग कमी देतात." मला हे वाक्य आवडत नाही. आपल्या वस्त्यांकडे दुर्लक्ष होत नाही, असं मी म्हणणार नाही. रस्ते, गटारं, शाळा बघितल्या तरी ते दिसतं. पण प्रत्येक गोष्टीला कट म्हटलं की कारण शोधायचं काम संपतं, आणि कंपनीला तेच हवं असतं. दोन शेजाऱ्यांनी सारख्याच पैशात घेतलेल्या दोन कंपन्यांच्या अपलोडमध्ये पाचपट फरक असू शकतो. दोघांचा मोहल्ला एकच, मग फरक कुठून आला? तो तारेत आहे आणि कंपनीच्या निर्णयात आहे.

आधी तार. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या एडीएसएल इंटरनेटच्या नावातला 'ए' म्हणजेच असमान. त्याच्या सुधारित प्रकारातही डाउनलोड २४ एमबीपीएसपर्यंत आणि अपलोड जेमतेम दीडच्या आत. टीव्हीच्या केबलवरून येणाऱ्या इंटरनेटचं दुखणं वेगळं. ती केबल घातली ती एकतर्फी, टीव्हीचे चॅनेल घरात आणायला. परतीच्या वाटेला तिच्यात साधारण ५ ते ६५ मेगाहर्ट्झ एवढीच पट्टी मिळाली. वरची ८६० मेगाहर्ट्झच्या आसपासपर्यंतची सगळी जागा येणाऱ्या माहितीची. गच्चीवर अँटेना लावून मिळणाऱ्या ५जी इंटरनेटमध्ये वेळेची वाटणी होते: थोडा वेळ टॉवर बोलतो, थोडा वेळ घर. टॉवरच्या वाट्याला जास्त वेळ ठेवलेला असतो, आणि घरातल्या यंत्राची ताकदही टॉवरपेक्षा पुष्कळ कमी. या तिन्ही ठिकाणी कंपनी "तांत्रिक मर्यादा" म्हणते, ते बऱ्याच अंशी मान्य.

पण फायबरचं काय? आपल्याकडे घरोघरी येणाऱ्या फायबरमध्ये जीपॉन नावाची पद्धत फार चालते. तिच्यात एका फायबरवर साधारण २.५ जीबीपीएस येतं आणि १.२५ जीबीपीएस जातं, आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटलं जातं. म्हणजे तंत्राने घालून दिलेलं प्रमाण दोनास एक. ईपॉन नावाच्या दुसऱ्या पद्धतीत तर येणं-जाणं दोन्ही १ जीबीपीएस. २०१६ साली मानक ठरलेल्या एक्सजीएस-पॉनमध्ये दोन्हीकडे जवळपास १०. मग १०० चा प्लॅन घेणाऱ्याला अपलोड १० का? दहास एक हे प्रमाण फायबरने ठरवलेलं नाही. ते कंपनीच्या कार्यालयात, प्लॅनचा तक्ता बनवताना ठरलं.

कंपनीचं उत्तर ठरलेलं असतं: लोक घेतात जास्त, देतात कमी, म्हणून अपलोड कमी ठेवतो. पहिली दोन वाक्यं खरी आहेत, निष्कर्ष उलटा आहे. कंपनी जगाशी ज्या मोठ्या जोडणीने जोडलेली असते, ती दोन्ही दिशांना सारखीच असते. घरगुती गिऱ्हाइकं घेतात जास्त, त्यामुळे तिची येणारी बाजू भरते आणि जाणारी बाजू बरीचशी रिकामी राहते. अशा जोडणीचं बिलही साधारणपणे जास्त भरलेल्या बाजूवर होतं. म्हणजे लोक अपलोड कमी वापरत असतील, तर ते जास्त द्यायला कंपनीला फारसा खर्चच येत नाही. गल्लीतले कितीतरी छोटे केबलवाले येण्या-जाण्याचा वेग सारखा देतात, तो दानधर्म म्हणून नव्हे. त्यांना हे गणित कळलेलं असतं.

मग काही मोठ्या कंपन्या हात आखडता का घेतात? माझ्या मते कारण दुकानदारीचं आहे. दोन्हीकडे सारखा वेग देणारी लीज्ड लाइन त्या कार्यालयांना कितीतरी पट भावाने विकतात. घरच्या जोडणीवर चांगलं अपलोड मिळालं तर छोटा स्टुडिओ, छोटी शिकवणी, छोटा छापखाना ती महाग लाइन कशाला घेईल? घरात बसून धंदा करणाऱ्यावर हा अदृश्य कर आहे. आपल्या समाजात घरातून काम करणारे किती, विशेषतः बायका किती, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि सरकार? २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड होतं, २०१३ मध्ये ५१२ झालं, जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. २०१३ आणि २०२३ च्या व्याख्या किमान डाउनलोड सांगतात, अपलोडचा आकडा सांगत नाहीत. अमेरिकेच्या नियामकाने २०२४ मध्ये १०० डाउनलोड आणि २० अपलोड असे दोन्ही आकडे व्याख्येत लिहिले. आपल्या व्याख्येत नागरिक फक्त घेणारा आहे. त्याने सिनेमा पाहावा, भाषण ऐकावं, बिल भरावं. त्यालाही काही सांगायचं, दाखवायचं, विकायचं असेल, हे गृहीतच धरलेलं नाही. ज्यांच्याविषयी इतरच जास्त बोलतात अशा समाजाला तर हे अधिक झोंबायला हवं.

तेव्हा पुढच्या वेळी जोडणी घेताना तीन प्रश्न विचारा. घरापर्यंत फायबर येणार की मधेच तांबं, केबल किंवा अँटेना? अपलोड किती, ते प्लॅनच्या कागदावर लिहून देणार का? संध्याकाळी गर्दीच्या वेळी तो किती उरतो? जोडणी झाल्यावर राउटरला तार लावून रात्री नऊला मोजा, वाय-फायवर मोजू नका. आकडा कागदाशी जुळला नाही तर लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक घ्या. सोसायटीने, मोहल्ला कमिटीने, मदरशाच्या ट्रस्टने एकत्र जाऊन वीस-तीस घरांची जोडणी मागितली, तर समान वेग द्यायला तयार होणारा कुणी ना कुणी सापडतो. गल्ली अरुंद आहे म्हणून टाळणाऱ्यालाही एवढी गिऱ्हाइकं एकदम दिसली की वाट सापडते.

आणि "अपलोड कोण बघतं?" असं कुणी विचारलंच, तर "आम्ही बघतो" म्हणा, आणि आकडा लिहून दिल्याशिवाय सही करू नका.