हरलेल्याचाही सामना

क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या मनाला बेसबॉल परका वाटतो. त्यातून ज्या सामन्यात फटकेच बसले नाहीत, तो तर निव्वळ कंटाळवाणा, असे आपण म्हणून मोकळे होतो. पण १९६४ च्या मद्रास कसोटीत बापू नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध एका डावात ३२ षटके टाकून अवघ्या ५ धावा दिल्या, त्यातली २७ षटके निर्धाव होती. बळी एकही नाही. म्हणून त्या षटकांत काही घडलेच नाही, असे कोण म्हणेल? चेंडू टाकणाऱ्याचे सामर्थ्य पुष्कळदा न घडलेल्या गोष्टींतच असते.

बेसबॉलमध्ये या सामर्थ्याची परिसीमा म्हणजे ‘परफेक्ट गेम’. नऊ डाव, प्रत्येक डावात तीन बाद. २७ फलंदाज यावेत आणि एकालाही पहिल्या बेसवर पाय ठेवता येऊ नये! ९ सप्टेंबर १९६५ रोजी लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाकडून सँडी कोफॅक्सने शिकागो कब्जविरुद्ध हे साधले. त्याने १४ जणांना चेंडू फेकूनच बाद केले. कोपराच्या सांधेदुखीने ग्रासलेल्या डाव्या हाताने त्याने हे केले, हे विशेष. त्याचे कौतुक जगाने केले आणि ते योग्यच आहे.

माझा मुद्दा निराळा आहे. त्या रात्री समोरच्या बाजूने बॉब हेंडली चेंडू फेकत होता. त्याच्याविरुद्ध संपूर्ण सामन्यात फक्त एक फटका यशस्वी झाला आणि त्या फटक्यातून धाव निघालीच नाही. मग डॉजर्स १-० ने जिंकले कसे? पाचव्या डावात चार चेंडू कक्षेबाहेर गेल्यामुळे लू जॉन्सनला पहिला बेस फुकट मिळाला. पुढच्या फलंदाजाने चेंडू हळूच टोलवला आणि स्वतः बाद होऊन त्याला दुसऱ्या बेसवर पोहोचवले. जॉन्सनने तिसऱ्या बेसकडे धाव ठोकली, यष्टिरक्षकासारखा मागे बसणारा जो कॅचर, त्याची फेक भरकटली आणि जॉन्सन घरी पोहोचला. नियमाप्रमाणे ही धाव हेंडलीच्या हिशेबात धरली गेली नाही. पराभव मात्र त्याच्याच नावावर लागला!

कोणी म्हणेल, हरला तो हरला; निकाल म्हणजे निकाल. कबूल. निकाल बदला, असे मी म्हणत नाही. पण निकाल आणि मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेंडली सामान्य असता, डॉजर्सनी सात-आठ धावा काढल्या असत्या, तर कोफॅक्सला निर्धास्तपणे चेंडू फेकता आले असते. त्याच्या हाती शिल्लक होती एकच धाव. प्रत्येक चेंडूवर सामना उलटण्याचे भय होते. अशा वेळी शेवटच्या दोन डावांतले सहाही फलंदाज त्याने चेंडू फेकून बाद केले. कोफॅक्सला या उंचीवर चढायला लावणारा हेंडलीच नव्हता काय? पाचच दिवसांनी, १४ सप्टेंबरला, हेच दोघे शिकागोत पुन्हा समोरासमोर आले आणि हेंडलीच्या संघाने २-१ असा विजय मिळवला. ही गोष्ट किती जणांना ठाऊक असते?

आपणही गुणपत्रिकेवर आणि ढालीवर पहिले नाव वाचतो व वही मिटतो. वक्तृत्व स्पर्धेत एका गुणाने मागे राहिलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही राहत नाही. परंतु त्याच्यामुळेच पहिल्याला आपले सर्वस्व पणाला लावावे लागलेले असते. म्हणून पहिल्याला हार जरूर घालावा. पण तो हार इतका जड कोणामुळे झाला, हेही विचारावे. ज्या मैदानावर दुसरा दुबळा असतो, तिथे पहिला मोठा होत नाही.