जुना का होईना, घरी ऑर्गन हवा

(द्वितीय वर्ष, कला)

स्नेहसंमेलनात एखादी मुलगी पेटीवर सफाईने बोटे फिरवू लागली की मागच्या रांगेतून हमखास ऐकू येते, "तिच्या अंगातच आहे ते!" हे वाक्य मला अलीकडे खटकू लागले आहे. अंगात असते ते थोडे. बरेचसे घरात असते. ज्या घरात आजोबांच्या वेळेपासून पेटी आहे, तिथले पोर पाचव्या वर्षी पट्ट्या दाबून बघते आणि अकरावीत स्पर्धेत पहिले येते. आमच्यासारख्यांच्या घरात वाद्य म्हणजे आरतीची झांज. कॉलेजात आलो, संगीत विषय दिसला, हौसेने घेतला. पण तास संपला की पेटी कपाटात आणि आपण घरी. मग रियाझ करायचा कशावर?

अशा विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे की थोडे पैसे साठवा आणि वापरलेला इलेक्ट्रॉनिक ऑर्गन घ्या. (आमच्या इचलकरंजीकडे कोणत्याही कंपनीच्या असल्या वाद्याला 'कॅसिओ' म्हणतात. एका विकणाऱ्याने तर मला 'यामाहाचा कॅसिओ' दाखवला!)

यावर जाणकार नाक मुरडतात. हे खरे वाद्य नव्हे, म्हणतात. पण आपल्याकडे खरे वाद्य कोणते आणि उपरे कोणते, हे ठरवणे सोपे नाही. बालगंधर्वांच्या पदांमागे वाजणारा ऑर्गन, म्हणजे पायपेटी, परदेशातूनच आला. हार्मोनियमही मूळची पॅरिसची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती मांडी घालून वाजवण्याजोगी केली आणि मग ती कीर्तनापासून तमाशापर्यंत सगळीकडे शिरली. तरी १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला बंदी घातली. तिच्यातून मींड निघत नाही आणि तिचे बारा स्वर ठोकून बसवलेले असतात, हा आक्षेप होता. १९७० नंतर ती बंदी हळूहळू सैल झाली. आता तोच आक्षेप पेटीवाले ऑर्गनवर घेतात, याची मला गंमत वाटते.

आक्षेप खोटा नाही. दरबारीचा गंधार पेटीवर सापडत नाही आणि ऑर्गनवरही नाही. पण ज्याला अजून आपला षड्जच नीट लागत नाही, त्याने दरबारीच्या गंधारासाठी थांबून राहावे काय?

दुसरा आक्षेप मात्र मी मानते. पेटीला भाता असतो. डावा हात हवा भरतो, आणि स्वर किती फुलवायचा हे त्या हाताला कळावे लागते. ऑर्गनला वीज लागते, श्वास लागत नाही. म्हणून ज्यांना पेटीचीच परीक्षा द्यायची आहे, त्यांनी कॉलेजातली पेटी सोडू नये. ऑर्गनवर होतो तो बोटांचा आणि कानाचा अभ्यास.

मग जुनी पेटीच का घेऊ नये? घ्यावी, ज्याच्या घरी जागा आणि शांतता आहे त्याने. आमचे अण्णा यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळी आठला येतात आणि दुपारपर्यंत झोपतात. दोन खोल्यांत पेटी उघडली तर त्यांची झोप गेलीच. पाळी बदलली तर रात्री शेजाऱ्यांची. ऑर्गनला हेडफोन लावता येतो, ही एकच गोष्ट माझ्या दृष्टीने त्याच्या शंभर आवाजांपेक्षा मोलाची आहे. शिवाय जुन्या पेटीचे सूर उतरलेले असतात, भाता गळतो, दुरुस्तीला कारागीर शोधावा लागतो. नवशिक्याला सूर उतरला आहे हेच कळत नाही, आणि तोच चुकीचा सूर कानात बसतो.

आता विकत घेण्याविषयी. आमच्याकडे जुने ऑर्गन बहुधा बँजो पार्टीवाल्यांकडून आणि वाद्यवृंदवाल्यांकडून येतात. लग्नसराई संपून आषाढ लागला की त्यांना पैशाची चणचण भासते. भाव करायला तो महिना बरा. लहान पट्ट्यांचे, बत्तीस सुरांचे खेळण्यासारखे ऑर्गन स्वस्त मिळतात, ते घेऊ नयेत. त्यावर बोटांना जे अंतर शिकवाल ते खऱ्या पेटीवर गेल्यावर विसरावे लागेल. पूर्ण आकाराच्या एकसष्ट पट्ट्या, म्हणजे पाच सप्तके, असलेलाच बघावा. मग एकूण एक पट्टी आधी हळू आणि मग जोरात दाबून पाहावी. विकणारा कंटाळेल, कंटाळू द्यावे. पट्टीखाली रबराचे टेकू असतात. त्यात धूळ गेली की एखादी पट्टी मुकी होते किंवा मध्येच किंचाळते. दोनचार पट्ट्यांचे साफ करून भागते, पण पुष्कळ पट्ट्या तशा असतील तर नाद सोडावा. सेलचा कप्पा उघडून आत हिरवट-पांढरी बुकटी जमलेली नाही ना ते बघावे. हेडफोन बरोबर न्यावा आणि दोन्ही कानांत आवाज येतो का ते ऐकावे. ॲडॉप्टर मूळचाच मागावा. जुन्या कॅसिओला पिनेच्या आत ऋण टोक लागते, यामाहाला धन. बाजारातला कुठलाही जोडला तर वाद्य जळू शकते.

ताल किती आणि आवाज किती, हे विकणारा आधी सांगतो. ते शेवटी ऐकावे, किंवा ऐकूच नये. स्वरपट्टी बदलण्याच्या बटणापासून तर जपूनच राहावे. बटण दाबून सगळे पांढरी एकमध्येच वाजवायची सवय लागली, की एखादी गायिका "काळी पाच" म्हणते आणि आपली बोटे जागीच थिजतात.

मी माझा ऑर्गन 'कमवा आणि शिका'च्या पैशांतून घेतला, चार हजार दोनशेला. अण्णा म्हणाले, "एवढ्या पैशात टायपिंगची परीक्षा झाली असती की गं." त्यांचे गणित चूक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि माझ्या प्रत्येक रुपयाने नोकरीकडे एक पाऊल टाकावे अशी त्यांची अपेक्षा आहे. पण आमच्याच गल्लीत मुलगे हप्त्यावर मोटरसायकल घेतात, तेव्हा त्यातून कोणती परीक्षा पास होणार असे कोणी विचारत नाही. मुलीने वाद्य घेतले की हिशेब निघतो! असो. अण्णा आता जेवताना एखाद्या वेळी "वाजव बघू" म्हणतात, आणि मग हेडफोन काढावा लागतो.

आमच्या गावाचे नाव गाण्याच्या दुनियेत गेले ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांमुळे. त्यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत त्यांच्याजवळ शिकले. त्या काळी शिष्य गुरूच्या घरी राहत. कष्ट अपार होते, पण सूर चोवीस तास कानावर होता आणि तंबोरा हाताशी होता. आजच्या विद्यार्थ्याला पंचेचाळीस मिनिटांचा तास मिळतो. उरलेल्या वेळेचे काय, हा प्रश्न गुरुकुल गेल्यावर कोणी विचारलाच नाही.

सगळ्यांना चार हजार जमणार नाहीत, हेही मला ठाऊक आहे. म्हणून एक सूचना करते. ग्रंथालयातून पुस्तक घरी नेता येते, उशीर झाला तर दंड भरावा लागतो. मग पेटी का नेता येऊ नये? आमच्या महाविद्यालयाच्या कपाटात पेट्या आहेत, आणि सुट्टीभर त्यांना हात लागत नाही. एक नोंदवही ठेवावी, अनामत घ्यावी, प्राध्यापकांची सही असावी. घरी झोपलेले माणूस असेल त्याच्यासाठी एखादा जुना ऑर्गनही त्या कपाटात ठेवावा. येत्या दिवाळीच्या सुट्टीपासून सुरुवात करायला हरकत नसावी.