जास्वंदीच्या फुलामागची मैत्रीण

गेली कित्येक वर्षं फेसबुक मला एक जास्वंदीचं फूल दाखवत होतं. ‘ह्या बाई तुमच्या ओळखीच्या असू शकतील’ म्हणून. फुलाखाली नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव, सगळं अनोळखी. मी दर वेळी अंगठ्याने वर सरकवून पुढे जायची. फुलाशी कसली मैत्री करायची?

मागच्या दिवाळीच्या आधी त्याच फुलाकडून निरोप आला. ‘मला ओळखलंस का? सहावी ब, खिडकीजवळचा बाक.’

अहो, माझ्या हातातून झाऱ्याच निसटला! शाळेत सहा वर्षं जिच्या डब्यातलं मेथीचं थालीपीठ खाल्लं तीच ही. १९८४ ला मॅट्रिक झालो, १९८७ ला तिचं लग्न झालं आणि त्यानंतर ती हरवलीच. मी फेसबुकवर तिला शोधलं नाही असं नाही, चांगलं चार-पाच वेळा शोधलं. पण शोधलं ते माहेरच्या नावाने. आणि लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने जे नाव लिहिलं गेलं ते मला कुठे ठाऊक होतं? आपल्याकडे मुलीचं नुसतं आडनाव बदलत नाही, कधी कधी बारशाचं नावसुद्धा पुसून जातं. कुसुमची कविता होते. हौसेने उखाणे घेतले जातात, फोटो निघतात आणि एक अख्खी मुलगी यादीतून गळते.

मी म्हटलं, ‘अगं, मी तर स्वतःच्या चेहऱ्यासकट तिथे बसलेय, मग इतकी वर्षं तू का नाही बोललीस?’

ती म्हणाली, ‘तुझा फोटो बघितला ना. पैठणी, हातात पुरस्काराची ट्रॉफी, खाली लेखिका म्हणून लिहिलेलं. म्हटलं, ही आता मोठी झाली, आपल्याला कशाला ओळखेल?’

खरं सांगू, मला लाज वाटली. ती ट्रॉफी तालुक्याच्या वाचनालयाची, निबंध स्पर्धेची. पैठणी जावेची. आणि फोटो २०१६ चा, तेव्हा गुडघे धड होते. त्या फोटोत मी कुठेही खोटं बोललेले नाही, पण बीपीच्या गोळ्या, उधारीवरचं वाणसामान आणि सासूबाईंचं आजारपण यातलं एकही त्यात मावलेलं नाही. तिने स्वतःला फुलामागे लपवलं, मी ट्रॉफीमागे. दोघी एकमेकींच्या दाराशी उभ्या राहून परत फिरलो.

एर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाचं १९५९ सालचं एक पुस्तक आहे. माणूस चारचौघांत वावरताना रंगमंचावर असल्यासारखा वावरतो आणि पडद्यामागे वेगळा असतो, असं त्यात मांडलंय. त्यासाठी त्याने स्कॉटलंडजवळच्या बेटांवरच्या एका हॉटेलात पाहुण्यांसमोरचं वागणं आणि स्वयंपाकघरातलं वागणं निरखलं होतं. आपल्याला हे शिकवायला कोणी लागत नाही. दिवाणखान्यातलं हसणं आणि ओट्यापाशी येणारा हुंदका आपण रोजच सांभाळतो. मुलगी इन्स्टाग्रामवर एक खातं नातेवाइकांसाठी आणि एक मैत्रिणींसाठी काढते, तेव्हा आपण तिला लबाड म्हणतो. आणि आपण? माहेरी एक, सासरी एक, अशी दोन खाती इंटरनेट यायच्या आधीपासून चालवतोच की!

फूल लावण्यामागे भीतीही असते, हे नाकारून चालणार नाही. आपला चेहरा कोण उचलेल, कुठे चिकटवेल ह्याची. ही भीती इतकी खरी आहे की जून २०१७ मध्ये फेसबुकने खास भारतातल्या बायकांचा विचार करून प्रोफाइलच्या फोटोला कुलूप लावायची सोय आणली. दुसऱ्याला तो फोटो सहज उतरवून घेता येऊ नये म्हणून. ज्या मैत्रिणीला चेहरा लावायचाय पण धीर होत नाही, तिने ती सोय जरूर वापरावी. नसेल लावायचा, तर फूलही वाईट नाही. जास्वंद तिच्या परसातलीच आहे, हे मला नंतर कळलं.

पण तिने निरोप पाठवला तो नुसता आठवण आली म्हणून नव्हे. तिचे वडील गेले. शेताच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून भावांबरोबर तिचंही नाव लावायचं होतं. मुलीचा तो कायदेशीर हक्क आहे. भाऊ चांगले, त्यांची ना नव्हती. अडचण नावाची होती. वारसांच्या यादीत माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. मधल्या आडनावापासून पहिल्या अक्षरापर्यंत काहीच जुळेना. लग्नाची नोंदणी तेव्हा केलेली नाही, हाताशी फक्त एक पिवळी पडलेली लग्नपत्रिका आणि शाळेचा दाखला. वकील म्हणाले, दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करू, पण तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं कोणीतरी सोबत आणा.

लहानपणापासून ओळखणारं! नवरा २०२१ मध्ये करोनात गेला. मुलांना आईचं जुनं नाव नीट लिहिताही येत नव्हतं. मग तिला खिडकीजवळचा बाक आठवला.

मी गेले. एसटीने तीन तास. ती स्टँडवर उभी होती, केस पांढरे, चालणं तेच, डावा खांदा जरा खाली. ओळखायला एक क्षणही लागला नाही. वकिलांकडच्या मुलाने माझं आधार मागितलं, बघितलं आणि विचारलं, ‘बाई, ह्या नावाची मुलगी त्या शाळेत होती ह्याला पुरावा काय?’

आली का पंचाईत! माझंही नाव सासरचंच. तिच्या ओळखीसाठी मी आणि माझ्या ओळखीसाठी कोण? शेवटी माझाही शाळेचा दाखला आणि लग्नपत्रिका घेऊन मला दुसऱ्यांदा जावं लागलं. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असा कायदा नाही, हे आम्हाला दोघींना पन्नाशी उलटल्यावर असं कागद गोळा करताना समजलं. लेकीसुनांना मात्र आधीच सांगून ठेवा. बदलायचं असेल तर खुशाल बदला, पण जुन्या नावाचे कागद, लग्नाची नोंद आणि दोन्ही नावं जोडणारा एखादा दाखला पेटीत जपून ठेवा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव लावण्याचा निर्णय आपल्या सरकारने केलाय. चांगलंच झालं. पण आईचं नाव म्हणजे त्यातलं कोणतं, हा प्रश्न आमच्यासारखीच्या घरात उरतोच.

फेसबुक म्हणतं, रोजच्या जगण्यात लोक तुम्हाला ज्या नावाने ओळखतात तेच लावा. मी तिला हे वाचून दाखवलं तर ती खो खो हसली. ‘मग काय, वहिनी लावू? का नुसतं अमक्याची आई?’

तिथे नावाखाली दुसरं नाव जोडायची सोय असते. त्या रात्री तिच्या ओसरीत बसून आम्ही दोघींनी तिचं माहेरचं नाव तिथे टाकलं. तिला टाइप करताना वेलांटी सापडेना. मुलगा डोकावून म्हणाला, ‘आई, हे कोण?’

‘मीच,’ ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

वारसनोंद लागली. परवा तिचा फोन आला, मागच्या बाकावरच्या तिघींनी तिला शोधून काढलं म्हणून. फोटो अजून जास्वंदीचाच आहे. म्हणते, आधी केस रंगवू दे.