अंतर किलोमीटरचे, हिशेब तासांचा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या लेकरांकडे निघालेल्या आईवडिलांना हमखास सांगितले जाते, ‘मुंबईहून थेट विमान आहे, सोळा तासांत पोहोचाल.’ वाचकहो, हे खरे आहे, पण अपुरे आहे. मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आणि थेट उड्डाणाचा वेळ साधारण १५ ते १६ तास. आपल्या शरीराचा प्रवास मात्र घराचा उंबरठा ओलांडताच सुरू होतो.

चिकलठाण्याहून अमेरिकेला थेट विमान नाही. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरहून मुंबईपर्यंत मोटारीने सहा-सात तास, विमानतळावर तीन तास आधी हजेरी, पुढे उड्डाण, मग तपासणी, सामान आणि मुलांच्या घरापर्यंतची वाट. एकूण बेरीज २८ ते ३० तासांवर जाते.

ही बेरीज महत्त्वाची का? जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. मुळात हा धोका अल्प असतो. परंतु वाढते वय, स्थूलता, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कर्करोग किंवा पूर्वी झालेली गुठळी यांमुळे तो वाढतो. हा नियम मोटार आणि रेल्वेलाही लागू आहे. म्हणजे चार तासांची मर्यादा विमानात नव्हे, इगतपुरीच्या आसपासच गाठली जाते.

म्हणून शक्य असल्यास आदल्या दिवशीच मुंबई गाठावी आणि रात्री विश्रांती घ्यावी. वाटेत दर दोन तासांनी उतरून चालावे. विमानात मार्गिकेलगतचे आसन मागावे, घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावे. घट्ट पायमोजे वैद्यकीय सल्ल्यानेच वापरावेत. चाकाची खुर्ची आधीच नोंदवावी. त्यात कमीपणा नाही.

विमानातील हवेचा दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असावा इतका असतो. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. हृदयविकार किंवा फुप्फुसांचा विकार असलेल्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे.

न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. इन्सुलिन व इतर औषधांच्या वेळा कशा बदलायच्या, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. स्वतः अंदाज बांधू नये. औषधे व चिठ्ठी हातातील पिशवीतच ठेवावी. मोठ्या सामानात ठेवलेले इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते.

पोहोचल्यावरही काही आठवडे सावध असावे. एकाच पायाला सूज वा वेदना जाणवल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक दम लागला किंवा छातीत दुखू लागले, तर थेट रुग्णालय गाठावे. ‘प्रवासाचा शीण असेल’ म्हणून अंगावर काढू नये. मुलांनीही तिकीट काढताना केवळ विमानाचे तास न मोजता आईवडिलांचे तास मोजावेत.