बोलेल हो, घाई काय आहे?

दोन वर्षांचे मूल अजून बोलत नाही, असे एखाद्या आईने चारचौघांत म्हटले, की उत्तरे तयारच असतात. 'अगं, बोलेल हो, घाई काय आहे? एकदा बोलायला लागला की गप्प बस म्हणायची वेळ येईल तुझ्यावर!' सासूबाई सांगतात, याचा बापही चौथ्या वर्षी बोलला आणि आता पाहा, कुणाला बोलू देत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात. आत्याबाईंच्या मते जीभ जड आहे, वेखंड उगाळून लावावे. आणि घरातले शिकलेसवरलेले कुणीतरी, बहुधा काका, वर्तमानपत्रातून नजर न काढता शेवटचा शब्द टाकतात, 'आइन्स्टाइनसुद्धा उशिरा बोलायला लागला होता.' त्यावर मग कुणी काही म्हणत नाही. आइन्स्टाइनपुढे कोण बोलणार?

या सगळ्यांच्या पोटात माया असते, यात शंका नाही. पण हा दिलासा मिळतो आईला, आणि त्याची किंमत मोजावी लागलीच, तर ती मुलाला मोजावी लागते.

आइन्स्टाइनचेच घ्या. १९५४ साली लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी आपल्या बालपणाची ही आठवण स्वतःच सांगितली आहे. आपण तुलनेने उशिरा बोलू लागलो, त्यामुळे आईवडील काळजीत पडले आणि त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतला, असे ते लिहितात. म्हणजे ज्याचे नाव घेऊन आपण आजच्या आईला घरी बसवतो, त्याचे आईवडील एकोणिसाव्या शतकात डॉक्टरकडे गेले होते! काकांना गोष्टीचा हा अर्धा भाग ठाऊक नसतो.

आता उशिरा म्हणजे नेमके केव्हा? मुलामुलांत फरक असतो हे खरे. पण त्या फरकालाही काही मर्यादा आहे. वर्षाच्या आसपास पहिला अर्थाचा शब्द येतो. दोन वर्षे पुरी होताना पन्नासच्या आसपास शब्द असावेत आणि 'आई ये', 'पाणी दे' अशी दोन शब्दांची जोडणी सुरू झालेली असावी. लेस्ली रेस्कोर्ला या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ साली पालकांना घरी भरता येईल अशी शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली, तिचा निकषही हाच होता. यात उच्चार शुद्ध असण्याची अट नाही. भूभू, मम्, भुर्र, बाऊ हे सारे शब्दच. 'र'चा 'ल' होतो म्हणून तर कुणी झोप उडवून घेऊ नये. ते बोबडे बोल, त्यांचा आनंद घ्यावा.

दोन वर्षांच्या मुलांत शंभरातली दहापंधरा या निकषाला उतरत नाहीत. त्यांतली बरीचशी पुढे आपोआप इतरांच्या बरोबरीला येतात. म्हणजे सासूबाई बहुतेक वेळा बरोबर ठरतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. कारण दुसऱ्या वर्षी जी मुले आपोआप बोलणार आहेत ती आणि जी बोलणार नाहीत ती, घरच्या माणसांना सारखीच दिसतात. दोन्ही गोड, दोन्ही खोडकर, दोन्ही हात धरून हवे तिथे ओढत नेणारी. 'याचा बापही उशिरा बोलला' हे वाक्य तर आपण नेमके उलट अर्थाने वापरतो. घराण्यात उशिरा बोलण्याचा इतिहास असेल, तर मुलाला भाषेची अडचण असण्याचा संभव वाढतो. ती निश्चिंत होण्याची नव्हे, लवकर दाखवून घेण्याची बाब आहे.

दाखवायचे म्हणजे पहिल्यांदा काय? कान. तोंडाची काळजी करणाऱ्या घरात कानाकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते. आपल्याकडे बारसे होते, उष्टावण होते, जावळ होते. कान टोचण्याचा तर मुहूर्त काढतात, आणि ते सोनारानेच टोचावेत म्हणून म्हणही करून ठेवली आहे. पण ज्या कानात आपण सोन्याची तार घालतो, त्या कानाला ऐकू येते की नाही, हे पाहण्याचा संस्कार मात्र कुणी सांगून ठेवलेला नाही.

हजार नवजात मुलांत एक ते तीन मुले दोन्ही कानांनी कमी ऐकणारी असतात. पुढे वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साठले, तर जन्मतः चांगले ऐकणाऱ्या मुलालाही काही महिने सारे पाण्याखालून ऐकल्यासारखे ऐकू येते. घरोघरी यावर एक चाचणी चालते. मुलाच्या पाठीमागे थाळी वाजवायची. मूल दचकले की सगळे खूश! पण थाळीचा दणका, कुकरची शिट्टी, फटाका हे अर्धवट ऐकणाऱ्या मुलालाही कळते. काही वेळा तर थाळी वाजवणाऱ्याची सावली किंवा हादराही पुरतो. भाषा मात्र थाळीच्या आवाजात नसते. ती 'स', 'श', 'फ' अशा हलक्या वर्णांत असते, आणि नेमके तेच अशा मुलाला ऐकू येत नाहीत. शिवाय ऐकू न येणारे बाळही पहिले काही महिने हुंकार देते, हसते. त्यामुळे पहिल्या वर्षात शंका यावी असे काही घडतच नाही.

लवकर कळल्याने काय होते, याचा पुरावा जुना आहे. अमेरिकेत कोलोरॅडो येथे क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्या मुलांचे कमी ऐकणे सहा महिन्यांच्या आत लक्षात आले आणि ज्यांना लगेच मदत सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. सहा महिने! आपण तिसऱ्या वाढदिवसापर्यंत 'बोलेल हो' म्हणत असतो.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे सुरू झाला. या कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात, त्यात ऐकणे आणि बोलणेही येते, आणि शंका वाटल्यास मुलाला जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. पथक वेळेवर येते का, केंद्रात वाचातज्ज्ञ जागेवर असतो का, हे प्रश्न आहेतच. पण गंमत अशी, की शहरातल्या फ्लॅटमधले, खासगी नर्सरीत जाणारे मूल या जाळ्यात येतच नाही. त्याच्याकडे पाहणारे कोण? सासूबाई, काकू आणि काका.

कान ठीक निघाले, की दुसरा सल्ला सुरू होतो आणि तो मला अधिक घातक वाटतो. 'घरी मराठी, शाळेत इंग्रजी, मुलाचा गोंधळ होतो. घरी इंग्रजीच बोला,' असे नर्सरीतल्या बाई सांगतात, आणि आईवडील ते मुकाट्याने मान्य करतात. दोन भाषांमुळे मूल बोलायचे थांबते, याला आधार नाही. सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू कानांवर पडते. गोव्यात कोकणी, मराठी एकत्र नांदतात. तिथली मुले मुकी राहिली असे कुणी ऐकलेले नाही. मुलाचे शब्द मोजायचे तर सर्व भाषांतले मिळून मोजावेत, आणि खरीच अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते.

शिवाय घरातले हे इंग्रजी असते तरी कसे? 'कम हिअर, सिट डाऊन, ईट फास्ट.' ज्या भाषेत आईला रुसता येत नाही, थट्टा करता येत नाही, चांदोमामा दाखवत घास भरवता येत नाही, त्या भाषेत ती मुलाला फक्त हुकूम देऊ शकते. आजी तर पुरतीच गप्प होते, आणि घरात मुलाशी दिवसभर बोलायला वेळ असलेले माणूस बहुधा तेच एक असते. पुण्याचे भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९६४ साली 'वर्ड' या नियतकालिकात मराठी बाळबोलीवर स्वतंत्र लेख लिहिला. आपण सहज बोलतो ती बाळबोली अभ्यासाचा विषय होण्याइतकी समृद्ध आहे. ती टाकून 'सिट डाऊन' घ्यायचे, हा कुठला व्यवहार?

मोबाइलबद्दल थोडक्यातच. दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले. ते योग्यच आहे, कारण पडदा बोलतो पण उत्तराची वाट पाहत नाही. मात्र हल्ली सारा दोष मोबाइलवर टाकून मोकळे होण्याची एक नवीच पद्धत पडली आहे. मोबाइल बंद केला, आता बोलेल, म्हणून आणखी वर्ष काढायचे. मूल इंग्रजी आकडे शंभरापर्यंत म्हणते पण तहान लागल्यावर पाणी मागत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, किंवा आलेले शब्द पुन्हा गमावते, तर स्वमग्नतेसारखी शक्यताही तज्ज्ञांकडून पाहून घ्यायला हवी. यात लाज कसली?

लाज वाटते, कारण दोष कुणाला लावायचा हे आधीच ठरलेले असते. आई नोकरीला जाते, मुलाला पाळणाघरात ठेवते, म्हणून तो बोलत नाही. आई घरी असेल, तर ती अबोल आहे म्हणून. बाप किती बोलतो, हे कुणी विचारीत नाही. त्यामुळे तपासणीला जाणे म्हणजे आपला गुन्हा कबूल करणे, असे तिला वाटू लागते आणि ती लांबवत राहते. मुलाला दवाखान्यात न्यायचे ते दोघांनी मिळून न्यावे, एवढे तरी बापाने करावे.

कुठे जायचे, हाही प्रश्न असतो. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अलियावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. नायर रुग्णालयात वाचा आणि श्रवण विभाग आहे. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करावी. 'स्पीच थेरपी'च्या पाट्या आता गल्लोगल्ली दिसतात. पाटीखालच्या माणसाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारून घ्यावे. विचारल्याचा राग आला तर दुसरीकडे जावे.

कानाच्या तपासणीत सुई नाही, वेदना नाही. एका तपासणीत कानात छोटी नळी ठेवतात आणि काही मिनिटांत काम होते. दुसरी, जिला पालकांच्या तोंडी 'बेरा' हेच नाव बसले आहे, ती करायला मूल गाढ झोपलेले असावे लागते. म्हणून त्या दिवशी मुलाला पहाटे लवकर उठवून, वाटेत झोपू न देता आणायला सांगतात. इथे आजीचा फार उपयोग होतो. मंद उजेडाच्या त्या खोलीबाहेरच्या बाकावर आज्या नातवंडाला मांडीवर घेऊन थोपटत बसलेल्या दिसतात. कितीतरी जणी हळू आवाजात अंगाई म्हणत असतात. ती त्याला ऐकू येते की नाही, हे आत गेल्यावर कळणार असते.