टपावरची होडी आणि वारा

कॅनडा-अमेरिकेत उन्हाळा आला की रस्त्यांवर एक गमतीदार दृश्य दिसू लागते. मोटारीच्या टपावर पालथी घातलेली होडी आणि आत सुटीला निघालेले कुटुंब! 'कनू' नावाची ही होडी साधारण पाच मीटर लांब आणि पंचवीस-तीस किलो वजनाची असते. दोघेजण ती सहज उचलून टपावर ठेवतात. आडवे दोन पट्टे आवळले की काम झाले, असे कोणालाही वाटेल. पण खरा धोका वजनाचा नसून वाऱ्याचा असतो.

वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने समोरून येणारी हवा एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे ८ किलोचा भार टाकते. वेग ८० झाला की तोच भार सुमारे ३१ किलो होतो. त्यातच समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा सुटला, तर गाडीचा काटा ८०वरच राहतो. होडीला मात्र १२०चा वारा झोंबतो आणि भार ७० किलोच्या घरात जातो.

शिवाय पुढच्या काचेवर आपटलेली हवा वर उसळून होडीच्या पुढे आलेल्या टोकाखाली शिरते. त्यामुळे होडी मागे ढकलली जाते, तशीच वर उचललीही जाते. ती पट्ट्यांतून निसटली, तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतते. म्हणूनच जाणकार होडीचे पुढचे टोक दोन दोरांनी, डावी-उजवीकडे फाकवून, बंपरखालच्या भक्कम हुकांना बांधतात. मागचे टोकही तसेच. रबरी दोर ताणला जातो, नायलॉनचा भिजल्यावर सैलावतो. म्हणून न ताणणारा दोर किंवा पट्टा बरा. चपट्या पट्ट्याला एक पीळ दिला की त्याची फडफड थांबते. दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून सारे बंध पुन्हा आवळावेत.

आपल्याकडे टपावर होडी क्वचितच दिसते. पण बदली झाली की कॅरिअरवर गादी हमखास चढते. गादी होडीपेक्षा हलकी आणि रुंद, म्हणजे वाऱ्याला आयतेच शीड! आणि मागे बहुधा असतो एखादा दुचाकीस्वार. खिडकीतून हात काढून गादी धरून ठेवण्याचा खटाटोप मुळीच करू नये. आडव्या दोरांबरोबर पुढच्या कडेवरूनही दोर घ्यावा, वेग कमी ठेवावा आणि मोठी गादी शक्यतो टेम्पोनेच पाठवावी.