प्राण वाचले, पुढे काय?

माझे एक स्नेही निवृत्त मुख्याध्यापक आहेत. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी देवपूजा करता करता ते एकाएकी कलंडले. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. घाबरलेल्या घरच्यांनी चमच्याने पाणी पाजले, शेजाऱ्यांनी तेल चोळले. तालुक्याहून शहरातील रुग्णालय गाठेपर्यंत दुपार टळून गेली होती. प्राण वाचले. दहाव्या दिवशी घरी पाठवताना कागदावर एक ओळ लिहून मिळाली, 'व्यायाम चालू ठेवावा.' कोणता व्यायाम, तो कोणी करून घ्यायचा, गेलेल्या वाचेसाठी कोणाकडे जायचे, याचा त्यात उल्लेखही नव्हता. मुलाने मनोभावे सेवा केली. पण लुळा हात धरून वडिलांना रोज उठवताना त्यांचा खांदा मात्र कायमचा दुखावला.

दोष मुलाचा नाही. त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

पक्षाघात म्हणजे बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी, तर काही वेळा फुटलेली रक्तवाहिनी. मोठी वाहिनी बंद पडली की मिनिटाला सुमारे 19 लाख मज्जापेशी मरतात, असे गणित 2006 मध्ये मांडले गेले. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत दिले तर उपयोग होतो, हे 2008 पासून सिद्ध आहे. मात्र त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नसल्याची खात्री करावी लागते. प्रत्येक गावी मेंदूविकारतज्ज्ञ कोठून आणायचा, असा प्रश्न विचारला जातो. हिमाचल प्रदेशाने 2014 पासून त्याचे उत्तर दिले आहे. तेथे जिल्हा रुग्णालयातील डॉक्टर मोबाईलवरून तज्ज्ञांना स्कॅन दाखवतात आणि त्यांच्या सल्ल्याने ते इंजेक्शन देतात. डोंगराळ प्रदेशात हे साधते, तर आपल्या जिल्ह्यांत का साधू नये?

पण इंजेक्शन ही केवळ सुरुवात. पुढचे बरेचसे यश परिचारिकेच्या हाती असते. ऑस्ट्रेलियातील 19 पक्षाघात कक्षांत झालेला अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. परिचारिकांनी तीनच गोष्टी नेमाने केल्या : ताप आणि रक्तातील साखर यांवर लक्ष ठेवले आणि रुग्णाला गिळता येते की नाही हे तपासल्याशिवाय तोंडावाटे काही दिले नाही. नव्वद दिवसांनंतर मृत किंवा परावलंबी रुग्णांचे प्रमाण इतर कक्षांत 58 टक्के होते, तर या कक्षांत 42 टक्के. ना नवे यंत्र, ना महाग औषध! आपल्याकडे मात्र प्रेमापोटी पाजलेले घोटभर पाणी फुफ्फुसात जाते आणि न्यूमोनियाला निमंत्रण मिळते.

आता मूळ प्रश्न पुनर्वसनाचा. कुटुंब हा आपल्या समाजाचा मोठा आधार आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. म्हणूनच घरच्यांना थोडे प्रशिक्षण दिले की काम भागेल, असे अनेकांना वाटते. ही कल्पना भारतातच तपासून पाहिली गेली. 14 रुग्णालयांतील 1250 रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. घरच्यांकडून व्यायाम करून घेतलेल्या रुग्णांची सहा महिन्यांनंतरची स्थिती इतरांपेक्षा सरस नव्हती. दोन्ही गटांत मृत किंवा परावलंबी रुग्ण सुमारे 47 टक्के होते. यावरून घरची सेवा व्यर्थ ठरत नाही. ती तज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाही, एवढेच यातून दिसते. केवळ उत्साहही पुरत नाही. पहिल्या चोवीस तासांतच रुग्णाला वारंवार उठवून भरपूर हालचाल करायला लावल्यास परिणाम उलट वाईट होतो, हे 2015 च्या एका मोठ्या चाचणीने दाखवले. केव्हा, किती आणि कसे, हे जाणणारा माणूसच हवा.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पक्षाघाताच्या रुग्णांसाठी काही खाटा राखीव असाव्यात आणि तेथील परिचारिका गिळण्याची तपासणी शिकलेल्या असाव्यात. घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हाती एका ओळीऐवजी मराठीत लिहिलेली पुनर्वसनाची योजना असावी. फिजिओथेरपिस्ट आणि वाचाउपचारतज्ज्ञ यांच्या भेटींच्या तारखाही तिच्यात असाव्यात. रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच बंद झाल्या नाहीत ना, हे आशा सेविकेने पाहावे. 2010 मध्ये केंद्राने सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावातच पक्षाघाताचा उल्लेख होता. 2023 मध्ये नाव बदलून ते असंसर्गजन्य रोगांपुरते संक्षिप्त झाले. नावातून शब्द गेला, हरकत नाही. कामातून तो जाऊ नये.

माझे स्नेही आता काठी टेकत अंगणापर्यंत येतात. ओळखतात, हसतात, पण शब्द ओठांशी येऊन थांबतो. ज्यांनी पिढ्यांना बोलते केले, त्यांना पुन्हा बोलते करण्याचा प्रयत्नही व्यवस्थेकडून होऊ नये, ही खंत केवळ एका घराची नाही. प्राण वाचवणे हे वैद्यकाचे कर्तव्य आहेच. वाचलेला माणूस पुन्हा आपल्या पायांवर उभा करणे हे त्याच कर्तव्याचे उत्तरार्ध आहे.